कोडिंग न येता मराठी वेबसाइट: वाचनालयाच्या साइटीचे उद्योग

कोडिंग येत नसलं तरी वेबसाइट बनते हे आता शाळेतल्या पोरांनाही माहितीये. ड्रॅग करा, ड्रॉप करा, टेम्पलेट निवडा, पब्लिश दाबा, झालं. जाहिरातीत तर एक हसरी बाई कॉफी पिता पिता साइट उभी करते. ते खोटं नाहीये, साइट खरंच उभी राहते. फक्त ती बाई इंग्रजीत साइट करत असते. मराठीत करायला बसलात की ज्या गोष्टी अडतात त्या कुठल्याच ट्युटोरियलमध्ये नसतात, म्हणून म्हटलं एकदा बसून लिहून काढू.

आमच्या गावात (तालुक्याचं ठिकाण, नाव नाही घेत) एक जुनं सार्वजनिक वाचनालय आहे, ब वर्गातलं. मी पुण्यात, पण घरचे सगळे तिकडचे सभासद. कार्यवाह काकांना साइट पाहिजे होती. आधीही एक होती म्हणे, कुणा पोराकडून करून घेतलेली, पण डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, त्या पोराच्या ईमेलवर घेतलेलं, पुढे तो नोकरीला बाहेरगावी गेला, फोन उचलेना, रिन्यू कोणी केलं नाही आणि नाव गेलं. आता त्या पत्त्यावर काहीतरी रमीची जाहिरात दिसते. त्यामुळे काकांची पहिली अट, "ह्या वेळी सगळं संस्थेच्या नावावर पाहिजे, आणि आमच्या ग्रंथपाल ताईंना स्वतःला चालवता आलं पाहिजे, दर वेळी तुला फोन नको." अट अगदी रास्त होती. मी म्हणेन सॉफ्टवेअर निवडायच्या आधी हेच करा, संस्थेचं स्वतंत्र जीमेल काढा, डोमेन त्यावर घ्या, पासवर्ड वहीत लिहा आणि ती वही कपाटात ठेवा. हो, वहीतच. कमिटी बदलते, मोबाइल बदलतात, कपाट तिथंच असतं. आणि पहिल्या वर्षाचा स्वस्त भाव बघून हुरळू नका, दुसऱ्या वर्षी रिन्यूअलला किती पडणार ते आधीच बघून घ्या.

डोमेनवरून आठवलं, काकांना .भारत पाहिजे होतं. देवनागरीतला तो पत्ता २०१४ पासून मिळतो आणि दिसतो छानच, पण ज्याच्या फोनवर मराठी कीबोर्ड नाही त्याने तो टाइप कसा करायचा, म्हणून साधं .इन घेतलं.

आता सॉफ्टवेअर. माझ्या कॉलेजच्या लॅबमध्ये फ्रंटपेज होतं. मायक्रोसॉफ्टने १९९६ साली एक छोटी कंपनी विकत घेतली होती, तिचं हे बाळ. वर्डसारखं टाइप करायचं आणि ते मागे एचटीएमएल, म्हणजे पानाचा कोड, लिहायचं, भयानक लिहायचं पण लिहायचं. सरकणारी अक्षरं, खाली व्हिजिटर काउंटर, चमचमणारं "नवीन". त्या काळी वाटायचं काय क्रांती आहे! नंतर कळलं की टिम बर्नर्स-लीचा १९९० सालचा पहिला ब्राउझर हा एडिटरसुद्धा होता, म्हणजे जिथं वाचायचं तिथंच लिहायचं अशीच मूळ कल्पना होती, मधे ती बाजूला पडली आणि आता विक्स, गुगल साइट्स, वर्डप्रेस वगैरे कोडिंगशिवाय साइट बनवून देणारी मंडळी फिरून तिथंच आलीयेत.

विक्स मी बघितलं, दिसायला सगळ्यात गोड तेच आहे. पण तिथं केलेली साइट उचलून दुसऱ्या होस्टिंगवर, म्हणजे साइट ठेवायच्या दुसऱ्या भाड्याच्या जागेवर, नेता येत नाही, आणि आधीची साइट एकदा गमावलेल्या कमिटीला हे सांगायची माझी हिंमत नव्हती. गुगल साइट्स फुकट आहे, ताईंना जीमेल आणि शीट येतंच, नकाशा आणि फॉर्म दोन क्लिकमध्ये बसतो. दुकानाची वेळ, पत्ता, चार फोटो एवढंच पाहिजे असेल ना तर डोळे मिटून गुगल साइट्स घ्या, वर्डप्रेसच्या भानगडीत पडू नका, हे मी मनापासून सांगतोय. पण वाचनालयाचं तसं नाही. व्याख्यानमाला, नवी पुस्तकं, सूचना, वार्षिक सभा, म्हणजे सतत तारीखवार काहीतरी चढवायचं, जुनं शोधता आलं पाहिजे. हे ब्लॉगचं काम आहे आणि वर्डप्रेस २००३ साली जन्मालाच आलं ब्लॉगसाठी. शिवाय टूल्समध्ये एक्सपोर्ट आहे, सगळा मजकूर एका फाइलीत बाहेर निघतो. तर वर्डप्रेस. ते होस्टिंगच्या पॅनेलमधून एका बटणात इन्स्टॉल होतं, कुलपाचं (म्हणजे सुरक्षित जोडणीचं) सर्टिफिकेटही फुकट मिळतं, इथवर काहीच अडलं नाही.

अडलं ते थीम, म्हणजे साइटचं तयार रूपडं, लावल्यावर. डेमोमध्ये मोठ्ठं इंग्रजी शीर्षक, अक्षरं जरा मोकळी मोकळी पसरलेली, एकदम पॉश. त्या जागी मी वाचनालयाचं नाव टाकलं आणि ताई म्हणाल्या, "हे असं तुटलेलं का दिसतंय हो?" बघतो तर प्रत्येक अक्षराची रेघ वेगळी, शिरोरेषेचे तुकडे तुकडे. कारण साधं आहे, थीमवाल्याने शीर्षकाला लेटर स्पेसिंग दिलेलं असतं, रोमन अक्षरं सुटी असतात म्हणून त्यांना ते शोभतं, आपली अक्षरं वरच्या रेघेने जोडलेली, त्यात फट पाडली की रेघ तुटणारच. उपाय असा की शीर्षकावर क्लिक करायचं, उजवीकडे टायपोग्राफी दिसतं, त्याच्या शेजारच्या तीन ठिपक्यांत लेटर स्पेसिंग लपलेलं असतं ते उघडायचं आणि शून्य करायचं. आणि तिथंच लाइन हाइट, म्हणजे दोन ओळींमधलं अंतर, थोडी वाढवायची. इंग्रजीला एक पूर्णांक एक चालतं, आपल्याकडे वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत जाऊन अडकतात.

मग फॉन्ट. थीमचा जो देखणा फॉन्ट असतो त्यात बहुतेक वेळा देवनागरी नसतेच. तुम्ही मराठी टाइप केलंत की ब्राउझर गुपचूप मशीनमधला कुठलातरी फॉन्ट लावतो, म्हणजे माझ्या लॅपटॉपवर एक, ताईंच्या विंडोजवर दुसरं आणि काकांच्या मोबाइलवर तिसरंच. वर्डप्रेसच्या ६.५ पासून, म्हणजे एप्रिल २०२४ पासून, एडिटरमध्येच फॉन्ट लायब्ररी आलीये, तिथून गुगलचे फॉन्ट आपल्या साइटवर उतरवून घेता येतात. शीर्षकाला मी टिरो देवनागरी मराठी घेतला आणि मजकुराला मुक्ता, मुंबईच्या "एक टाइप" नावाच्या फॉन्टवाल्यांचा. टिरो मुद्दाम घेतला कारण त्यात मराठी वळणाचा ल आणि श आहे. हिंदी वळणाचा ल पाहून आमच्या कमिटीतले एक निवृत्त मास्तर फार अस्वस्थ होतात, आणि खरं सांगू का, त्यांनी दाखवून दिल्यापासून मीही होतो.

ह्याच्याशी जोडलेली एक सेटिंग बहुतेकांची राहून जाते. सेटिंग्ज, जनरल, साइट लँग्वेज, तिथं मराठी करा. त्याने नुसते मेनू बदलत नाहीत, पानाच्या कोडमध्ये "हे पान मराठी आहे" अशी खूण जाते, आणि ज्या फॉन्टात हिंदी-मराठी दोन्ही वळणं भरलेली असतात ते ती खूण बघून मराठी ल देतात. वाचून दाखवणारी सॉफ्टवेअरं पण त्यावरूनच भाषा ओळखतात. आता साइट मराठी केली की डॅशबोर्डही मराठी होतो आणि मग यूट्यूबवरच्या व्हिडिओत दाखवलेली बटणं सापडत नाहीत, तर त्यालाही सोय आहे, प्रत्येक युजरच्या प्रोफाइलमध्ये त्याची भाषा वेगळी ठेवता येते. माझा डॅशबोर्ड इंग्रजी, ताईंचा मराठी. फोनवर मी म्हणतो अपडेटचं बटण दाबा, त्या म्हणतात असं बटणच नाहीये, मग व्हिडिओ कॉल. चालतं.

सगळ्यात जास्त वेळ मात्र खाल्ला तो मजकुराने. काका म्हणाले मजकुराची काळजी करू नकोस, अमृतमहोत्सवाच्या स्मरणिकेत सगळा इतिहास छापलाय, प्रेसवाल्याकडून फाइल आणलीये. फाइल पेजमेकरची, म्हणजे छपाईची पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरची, आणि फॉन्ट श्रीलिपीचा, युनिकोडच्या आधीच्या पद्धतीचा. ज्यांनी हे भोगलंय ते आत्ता हसत असतील. कॉपी करून वर्डप्रेसमध्ये पेस्ट केलं की डोक्यावर टोप्या आणि ठिपके घातलेली युरोपियन अक्षरं येतात, एक शब्द वाचता येत नाही. कारण त्या जुन्या फॉन्टांमध्ये आत इंग्रजी-युरोपियन अक्षरांचेच कोड असतात, फक्त चेहरा मराठी. युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांच्या आजच्या जागतिक कोडपद्धतीत, क म्हणजे जगात कुठेही क, तिथं तसं नाही. पीडीएफमधून उचललं तरी तीच गत. नेटवर कन्व्हर्टर आहेत, त्यात टाकलं की मजकूर मराठी होतो, पण पहिली वेलांटी आणि रफार हमखास घसरतात, "कार्यकर्ते" मधले रफार पुढच्या नाहीतर मागच्या अक्षरावर जाऊन बसतात, जोडाक्षरं सुटतात. म्हणजे प्रूफरीडिंग आलंच. ते मास्तरांनी केलं, प्रिंट काढून, लाल पेनाने, आणि जाता जाता मूळ स्मरणिकेतल्या चुकाही काढल्या.

पत्त्यांची गंमत तर खासच. वर्डप्रेसमध्ये पोस्टला शीर्षक दिलं की त्यावरून लिंक आपोआप बनते. शीर्षक मराठी असेल तर ब्राउझरच्या पट्टीत ते मराठीच दिसतं, पण व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायला कॉपी केलंत की निघते टक्क्यांच्या चिन्हांची मारुतीची शेपटी. युनिकोडमधल्या आपल्या एकेका खुणेला, म्हणजे क वेगळा आणि त्याची काना-वेलांटी वेगळी, तिथं प्रत्येकी नऊ जागा लागतात, आणि वर्डप्रेस लिंकच्या ह्या भागाला दोनशेच्या पुढे जाऊ देत नाही. "वाचनालयाची नवीन पुस्तकं" एवढ्यातच एकशे एक्याण्णव संपतात! शीर्षक जरा लांबलं की लिंक मधेच तोडलेली. म्हणून ताईंना एक सवय लावलीये, पब्लिश करायच्या आधी उजवीकडच्या पट्टीत स्लग (लिंकचा हाच शेवटचा भाग) उघडायचा आणि तिथं रोमन लिपीत छोटंसं काहीतरी लिहायचं, नवीन पुस्तकं आणि महिना, बास. शीर्षक मराठीच राहतं, फक्त लिंक सुटसुटीत होते.

बटणांचंही असंच. डेमोमध्ये बटणावर एक चार अक्षरी इंग्रजी शब्द असतो, आपल्याकडे "सभासद होण्यासाठी अर्ज करा", मोबाइलवर त्या बटणाच्या तीन ओळी होतात. "सभासद व्हा" केलं. मास्तरांना ते जरा उद्धट वाटलं, आज्ञा केल्यासारखं, पण बसलं.

प्लगइनच्या, म्हणजे वर्डप्रेसला वरून जोडायच्या छोट्या सॉफ्टवेअरच्या, बाबतीत मी कंजूष आहे. एलिमेंटरसारखे पेज बिल्डर चांगले आहेत, नाही असं नाही, पण आता वर्डप्रेसच्या स्वतःच्या ब्लॉकमध्ये, म्हणजे पान रचायच्या तयार तुकड्यांमध्ये, कॉलम, गॅलरी, कव्हर सगळं मिळतं आणि ताईंना दोन वेगवेगळे एडिटर शिकवायची माझी तयारी नव्हती. २०१८ च्या डिसेंबरात हा ब्लॉक एडिटर आला तेव्हा आम्ही सगळ्यांनी त्याला शिव्या घातल्या होत्या, मीही, पण नवीन माणसाला तो खरंच पटकन कळतो. ताईंना जुनं काही माहीतच नव्हतं त्यामुळे त्यांना विसरायलाही काही लागलं नाही. बॅकअपचं एक प्लगइन, फॉर्मचं एक, संपलं. कमिटीतल्या तरुण सभासदाला माजी अध्यक्षांच्या फोटोंचा सरकता स्लायडर पाहिजे होता, तो मी गॅलरी ब्लॉकवर भागवला. फोटोंचं म्हणाल तर वर्डप्रेस मोठा फोटो स्वतःच २५६० पिक्सेलपर्यंत खाली आणतं, तरी व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो चढवू नका, तो आधीच पिळून निघालेला असतो.

आता ताई स्वतः पोस्ट टाकतात. व्याख्यानमालेची पत्रिका पूर्वी फोटो काढून टाकायच्या, आता टाइप करतात, कारण फोटोतलं नाव गुगलवर सापडत नाही हे त्यांनी स्वतःच शोधून बघितलं. तारीख आधी, वक्त्याचं नाव मग, आणि सगळ्यात शेवटी प्रमुख पाहुणे. पाहुण्यांचा क्रम ठरवायला जो वेळ जातो त्यात वर्डप्रेसचा काही दोष नाही.

काकांना आता सगळी पुस्तकंच साइटवर पाहिजेत, दाखल नोंदवहीतली एकूण एक, शोधता येतील अशी, आणि पुस्तक आत आहे का बाहेर गेलंय तेही दिसलं पाहिजे. मी त्यांना समजावून सांगितलं की हे वर्डप्रेसच्या गळ्यात घालायचं काम नव्हे, त्याला वेगळी सॉफ्टवेअरं असतात, न्यूझीलंडमधल्या लायब्ररीसाठी बनलेलं आणि २००० साली सुरू झालेलं कोहा आहे, तेही मुक्त आणि फुकट, शिवाय आपल्या सरकारच्या एनआयसीचं, म्हणजे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचं, ई-ग्रंथालय आहे, दोन्ही बघायला लागतील, नोंदी भरायला माणूस लागेल. काकांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं. मग दिवाळीला येशील तेव्हा सुरू करू."