तुम्ही विचारलंत म्हणून : भारी कंपनी कुठली?

19 डिसेंबर, म्हणजे गोवा मुक्तिदिन जवळ आला की डिचोली-सत्तरीकडच्या शाळांना आमच्यासारख्या निवृत्त फौजींची आठवण होते. भाषण आटोपलं की भरतीची तयारी करणारी चार पोरं हटकून मागे राहतात. "सुभेदारकाका, बटालियनमधली सगळ्यात भारी कंपनी कुठली? आम्हाला घातकमध्ये घेतील ना?" घातक म्हणजे बटालियनमधली निवडक कमांडो तुकडी. शाळेच्या फाटकाशी उभं राहून याचं उत्तर देता येत नाही, म्हणून सवडीने लिहायला बसलोय.

आधी हिशेब. पायदळाच्या एका बटालियनमध्ये साधारण 800 माणसं, वर कर्नल हुद्द्याचे सीओ (कमांडिंग ऑफिसर) साहेब. अल्फा, ब्राव्हो, चार्ली, डेल्टा या चार रायफल कंपन्या. शिवाय एक सपोर्ट कंपनी, एक हेडक्वार्टर कंपनी. रायफल कंपनीत सव्वाशेच्या आसपास जवान, तीन प्लॅटून, प्रत्येक प्लॅटूनमध्ये तीन सेक्शन, सेक्शनमध्ये दहा जण. कंपनी मेजर किंवा कॅप्टनकडे, प्लॅटून बहुतेक वेळा सुभेदार-नायब सुभेदाराकडे, सेक्शन हवालदाराकडे. भरतीचे क्लासवाले एवढं पाठ करून घेतात आणि तिथेच थांबतात.

बेळगावच्या मराठा सेंटरमधून पोरगा पलटणीत येतो तेव्हा त्याला एकट्याने चालायला, नेम धरायला येत असतं. उरलेल्या नऊ जणांबरोबर हलायला त्याला सेक्शनमध्ये शिकवतात. एका बाजूने एलएमजी (लाइट मशीन गन) समोरच्याचं डोकं खाली दाबून ठेवते, तेवढ्यात बाकीचे उठतात, चार पावलं पळतात आणि समोरच्याला नेम धरायला सवड मिळायच्या आत आडवे होतात. मग ते फायर देतात आणि एलएमजी पुढे सरकते. वाचायला सोपं आहे. दम लागलेला असताना, अंधारात, शेजारचा नक्की कुठे आहे ते न बघता कळेपर्यंत हे करायचं असतं. सेक्शनचं जमलं की प्लॅटूनचं, मग कंपनीचं, शेवटी अख्ख्या बटालियनचा एक्सरसाइज. कंपनीच्या हल्ल्यात बहुधा दोन प्लॅटून पुढे आणि एक राखीव. ही राखीव प्लॅटून कधी सोडायची, यावर कंपनी कमांडरची किंमत ठरते.

माझी नोकरी सपोर्ट कंपनीत झाली, 81 मिलिमीटर मॉर्टर म्हणजे उखळी तोफांच्या प्लॅटूनमध्ये, त्यामुळे इथे जरा जास्त बोलणार. मॉर्टरचे तीन भाग : बॅरल म्हणजे नळी, बायपॉड म्हणजे तिचा दोन पायांचा टेकू, आणि बेस प्लेट म्हणजे जमिनीवरची जड थाळी. गाडी जाते तिथवर गाडीने, पुढे पाठीवर. 1961 साली पोर्तुगिजांनी मागे हटताना आपल्याकडचे पूल उडवले होते. वाहनं अडली की पायदळाचं ओझं कुणाच्या पाठीवर येतं, ते अशा वेळी समजतं.

मॉर्टर डोंगराच्या आड लावतात. बॉम्ब सोडणाऱ्याला लक्ष्य दिसतच नाही. ते दिसतं एमएफसीला (मॉर्टर फायर कंट्रोलर), म्हणजे रेडिओ घेऊन रायफल कंपनीबरोबर पुढे चालणाऱ्या आमच्याच माणसाला. तो सांगतो, "ॲड 100, लेफ्ट 50", म्हणजे शंभर मीटर पुढे, पन्नास डावीकडे, आणि मागे त्यावरून दिशा, उंची, बॉम्बच्या शेपटीला किती चार्ज (त्याला लांब फेकणारी दारू) लावायचे याचं गणित होतं. दोन-तीन बॉम्ब गेले की बेस प्लेट जमिनीत बसते, नेम धरायच्या साइटमधला पातळी दाखवणारा बुडबुडा हलतो, पुन्हा सगळं जुळवायचं. आपल्या सड्यावरच्या कातळावर ठेवलीत तर ती उडते, पावसाळ्यातल्या शेतात ठेवलीत तर गाडली जाते. जमीन ओळखणं हे या कामातलं निम्मं शिक्षण. आणि समोर आपलीच रायफल कंपनी चढत असते. फायर पुढे सरकवायला उशीर झाला तर आपलीच माणसं जातील, लवकर सरकवलं तर शत्रू डोकं वर काढेल. म्हणून मॉर्टरवाल्यांची आणि रायफल कंपनीची तालीम वेगवेगळी करून भागत नाही.

रणगाडाविरोधी क्षेपणास्त्राची तुकडीही सपोर्ट कंपनीतच. एक क्षेपणास्त्र इतकं महाग, की बरीचशी प्रॅक्टिस सिम्युलेटरवर.

हेडक्वार्टर कंपनीचं नाव काढलं की पोरं तोंड वाकडं करतात. सिग्नल, गाड्या, स्टोअर, लंगर, त्यात काय शौर्य! बाबांनो, जत्रेतल्या नाटकात पडदा ओढणारा वेळेवर आला नाही तर राजा काय करतो, ते तुम्ही बघितलेलं आहे. शिवाय लंगरचा कुकही फायरिंग करतो आणि अंगावर पूर्ण सामान, हातात रायफल घेऊन पाच किलोमीटरची बीपीईटी (लढाईसाठीच्या तंदुरुस्तीची चाचणी) पळतो. आंतर-कंपनी क्रॉस कंट्रीत त्याचाही नंबर धरतात. त्या दिवसांत चार्लीवाले डेल्टावाल्यांशी धड बोलत नाहीत, आणि जिंकलेल्या कंपनीच्या सीएचएमच्या (कंपनी हवालदार मेजरच्या) मिशीचा पीळ आठवडाभर सुटत नाही.

आता घातक. ही कंपनी नाही, विसेक जणांची प्लॅटून आहे, थेट सीओ साहेबांच्या हाताखाली. भरती होऊन कुणी घातकमध्ये जात नाही. साऱ्या बटालियनमधून पोरं निवडतात, म्हणजे आधी रायफल कंपनीत कुणाच्या तरी नजरेत भरावं लागतं. नंतर बेळगावचा कमांडो कोर्स. तो काय असतो, ते करून आलेल्यालाच विचारा.

2022 पासून शेपटाला आणखी एक प्रश्न असतो : अग्निवीराला चार वर्षांत हे सगळं येईल का? माझं मत विचाराल तर चार वर्षांत चांगला रायफलमन तयार होतो, एलएमजीवालाही होतो. एमएफसी होत नाही. त्याला कंपनी कमांडरच्या शेजारी उभं राहून वेगवेगळ्या जमिनीवर बॉम्ब पडताना बघावे लागतात, आणि त्यात वर्षं जातात. चार वर्षांनंतर फौजेत कायम ठेवतात त्या 25 टक्क्यांत तुमचं नाव आलं तर मॉर्टर कॅडरला, म्हणजे मॉर्टरच्या प्रशिक्षणाला जा. घातकसाठी रांग मोठी असते, आमच्याकडे नेहमी जागा असते.