पितृपक्षातलं टोकन

पितृपक्ष, अष्टमी

पितृपक्षात आमचा घरदलालीचा धंदा झोपतो असं बाहेरच्यांना वाटतं. बिल्डरांच्या साइटवर ते खरंही आहे. दसऱ्याचे फ्लेक्स छापून तयार आणि सेल्सची पोरं मोबाइल बघत बसलेली. राहायला घर घेणारं कुटुंब या पंधरवड्यात टोकन, म्हणजे बयाणा, देत नाही. गुंतवणूकदार मात्र हमखास देतो. त्याला तिथे देव मांडायचे नसतात, आणि समोर दुसरी पार्टी नाही हे त्याला कालनिर्णयावरच दिसतं.

आज शेठचा फोन आला. हे औषधांचे होलसेलवाले. कोथरूड-कर्वेनगर पट्ट्यात जुन्या सोसायट्यांमधले फ्लॅट घेऊन ठेवतात आणि पुनर्विकास झाला की नवा फ्लॅट विकून मोकळे होतात. मी ज्यांचा फ्लॅट विकून देतेय त्या काकांच्या फ्लॅटसाठी 1 कोटी 5 लाखांवर आले आहेत. म्हणाले, "मॅडम, या दिवसांत कोण येणार आहे? आजच चेक देतो."

काकांचा आकडा होता 1 कोटी 40. तो आला सकाळच्या फिरण्याच्या ग्रुपमधून. सोबत एक कारण: "मेट्रो आली ना!" वनाज ते गरवारे कॉलेज मेट्रो मार्च 2022 मध्ये सुरू झाली, तेव्हापासून पौड रोडवरच्या प्रत्येक विक्रेत्याच्या तोंडी ती असते, मग फ्लॅट स्टेशनपासून दोन रिक्षा लांब का असेना. अशा वेळी मी वाद घालत नाही. मुद्रांक विभागाच्या साइटवर ई-सर्च आहे, तिथून त्याच गल्लीतल्या सौद्यांचे इंडेक्स टू (नोंदलेल्या सौद्याचा गोषवारा) काढते आणि टेबलावर ठेवते. तेवढ्याच एरियाचा फ्लॅट 1 कोटी 12 ला नोंदलेला. काका बराच वेळ कागद वाचत राहिले, मग म्हणाले, "वरचे कॅश असतील." असतीलही. पण जे नोंदलंच नाही त्यावर मी काकांचा भाव ठरवू शकत नाही.

करारात 720 फूट बिल्टअप, म्हणजे भिंती धरून, लिहिलंय. मी मोजलं तर कार्पेट, म्हणजे आतली वापरायची जागा, 585 भरतं. 1988 च्या इमारतीत हे असंच असतं आणि काकूंना ते ऐकून दर वेळी नव्याने राग येतो.

अष्टमी, उशिरा

शेठ फ्लॅट बघायला आले होते तेव्हा स्वयंपाकघरात गेलेच नाहीत. काकूंनी मुद्दाम नवा ओटा पुसून ठेवला होता. शेठनी जिन्यात उभं राहूनच प्रश्न विचारले: कन्व्हेयन्स झालंय का (जमीन सोसायटीच्या नावावर आहे का), प्लॉट किती, सभासद किती, समोरचा रस्ता किती मीटर. शेवटचा प्रश्न सगळ्यात महागाचा. रस्ता नऊ मीटरपेक्षा अरुंद असेल तर टीडीआर (दुसरीकडून विकत आणलेला जादा बांधकामाचा हक्क) चढवता येत नाही, आणि टीडीआर नाही तर बिल्डर फिरकत नाही. इथे रस्ता नऊचा आहे. डीम्ड कन्व्हेयन्स (बिल्डरविना, सरकारी आदेशाने) झालंय. सभासद 24. पुनर्विकासाला सहकार कायद्याच्या कलम 79 अ खालच्या 2019 च्या शासन निर्णयाप्रमाणे एकूण सभासदांपैकी 51 टक्क्यांची संमती लागते, म्हणजे इथे 13. शेठनी हा हिशोब जिना उतरता उतरता केला.

खाली गाडीपाशी त्यांनी हळूच विचारलं, "काकांना घाई किती आहे?"

आमच्या धंद्यातल्या प्रामाणिकपणाची परीक्षा रेराच्या (बिल्डर-एजंटांवरच्या सरकारी नियामकाच्या) 20 तासांच्या प्रशिक्षणात होत नाही (ते मी केलंय, सर्टिफिकेट भिंतीवर आहे), ती या प्रश्नाला होते. काकांचे गुडघे गेलेत. तिसरा मजला, लिफ्ट नाही. गेल्या पावसाळ्यापासून ते आठवड्यातून एकदाच खाली उतरतात, फिरण्याचा ग्रुप आता फोनवरच. हे मला माहीत आहे कारण त्यांनी मला घरातली समजून सांगितलं. शेठना ते कळलं तर सरळ पाच लाख कमी होतात. मी म्हटलं, "कागद तयार आहेत, एवढं सांगते." शेठ हसले. त्यांना उत्तर मिळालं नाही, पण मी काय करतेय ते कळलं.

खरी अडचण अशी की दलाली मी दोघांकडून घेते. पुण्यात रिसेलला हाच रिवाज आहे आणि मी तो दोन्ही पार्टींना पहिल्याच भेटीत सांगते. सांगितल्याने गोष्ट सोपी होते असं मात्र नाही. दोघांचा पैसा घेणारा माणूस दोघांचा असतो, हे ऐकायला छान वाटतं. व्यवहारात तो बऱ्याचदा सौद्याचा असतो. सौदा बसला तर मला पैसे, काका थांबले तर शून्य. म्हणून काकांना "थांबा" म्हणायची वेळ आली की मी स्वतःलाच दोनदा तपासते. "विका" म्हणायची वेळ आली की तीनदा.

नवमी

आज काकांकडे जाऊन सगळं मांडलं. गल्लीच्या तोंडाच्या सोसायटीला बिल्डरने वीस टक्के जास्त कार्पेट देऊ केलंय, बांधकाम होईपर्यंत भाडंही. तुमच्या सोसायटीत दोन जनरल बॉडी झाल्यात, अजून बिल्डर ठरलेला नाही. थांबलात तर नवा, मोठा, लिफ्टवाला फ्लॅट याच जागेवर मिळू शकतो, आणि त्याची किंमत आजच्यापेक्षा बरीच जास्त असेल. शेठ घेतायत ते यासाठीच.

काकांनी चष्मा काढला. "मी 78 वर्षांचा आहे. बिल्डर तीन वर्षं म्हणतोय म्हणजे पाच. त्यातली माझी किती?" काकू म्हणाल्या, "असं काही बोलू नका." आणि लगेच मला: "पण लिफ्ट आज हवीय, हे खरं."

शेठकडे वाट बघायला सवड आहे, काकांकडे नाही. फ्लॅटबरोबर ती पाच वर्षंही विकली जातायत, आणि त्यांचा काहीतरी भाव काकांच्या पदरात पडला पाहिजे. 1 कोटी 5 मध्ये तो पडत नाही. मी शेठना 1 कोटी 20 सांगून ठेवलंय.

काकूंनी बजावलं: चेक घटस्थापनेनंतरच घरात येईल.

घटस्थापना

1 कोटी 18 ला बसलं. टोकनचा चेक आज काकूंनी देवापुढे ठेवला, मग काकांच्या हातात दिला. शेठनी मध्ये एकदा "किती व्हाइट?" विचारून पाहिलं. मी म्हटलं, सगळे. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड घेणाऱ्याला बसतो, म्हणजे काकांना. धोका काकांचा आणि सोय शेठची, असा वाटा मला मंजूर नाही. शेठ म्हणाले, "तुमच्यासारखे एजंट असले की धंदा कसा व्हायचा?" होतोय की.

कागदांचं आज लिहून ठेवते, पुढच्या वेळी कुणाला दाखवता येईल. आषाढात पहिल्यांदा फाइल उघडली तेव्हा करारावर काका आणि त्यांच्या आई, दोन नावं. आई गेल्या त्याला पंधरा वर्षं झाली. काका म्हणाले, "नॉमिनेशन माझं आहे, शेअर सर्टिफिकेटवर माझं नाव चढलंय, संपलं." संपत नाही. नॉमिनी हा वारसांच्या वतीने सांभाळणारा, मालक नव्हे. आईच्या अर्ध्या हिश्श्यात दोन्ही बहिणी आल्या. बेळगावच्या आत्यांनी आधी बाजारभाव विचारला, दोन दिवस घेतले, आणि स्वतः एसटीने येऊन हक्कसोडपत्रावर अंगठा देऊन गेल्या. जाताना म्हणाल्या, "विचारायचं असतं गं. नाहीतर आपण काय सोडलं ते कळत नाही." ह्यूस्टनच्या आत्यांचं मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित होऊन आलं. इथे पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरावा लागतो, तेवढं मी लक्षात ठेवलं. त्या विक्रेत्या म्हणून राहिल्या असत्या तर त्यांच्या हिश्श्यावर एक टक्का नव्हे, अनिवासींचा टीडीएस (घेणाऱ्याने किमतीतून कापून सरकारला भरायचा कर) कापावा लागला असता आणि शेठ तिथेच पळाले असते.

सोसायटीच्या कमिटीने ट्रान्सफरसाठी एक लाख मागितले. कमाल 25 हजारांची मर्यादा 2001 पासून आहे. परिपत्रक दाखवल्यावर उरलेले 75 हजार "ऐच्छिक देणगी" झाले. काकांची इच्छा झाली नाही.

दिवाळीनंतरचा बुधवार

आज रजिस्ट्रेशन. हवेलीच्या दुय्यम निबंधक ऑफिसात सकाळी सर्व्हर डाउन, दुपारी चालू. शेठना लोन नाही, म्हणून साठेखत न करता थेट खरेदीखत. काका-काकू भाड्याच्या फ्लॅटमधून आले, तिथे लिफ्ट आहे. काका या महिन्यात रोज खाली उतरतायत आणि सिक्युरिटीवाल्याला कंटाळा आणतायत असं काकूंनी सांगितलं.

खरेदीदार म्हणून शेठ नव्हतेच, त्यांच्या मिसेस होत्या. पुण्यात मुद्रांक शुल्क 7 टक्के, बाईच्या एकटीच्या नावावर घर घेतलं तर 6. ही सवलत 2021 ची. आधी अट होती की पंधरा वर्षं तो फ्लॅट पुरुषाला विकायचा नाही. 2023 मध्ये अट उठली आणि गुंतवणूकदारांच्या घरातल्या बायका एकाएकी मालकीणबाई व्हायला लागल्या. इथे शेठचे 1 लाख 18 हजार वाचले. तेवढाच टीडीएस कापून भरला होता, म्हणून शेठना तो आकडा देवाने जुळवल्यासारखा वाटत होता.

फोटो, बोटांचे ठसे, ओळख देणारे दोघे, सगळं आटपलं. शेठ चलनाची प्रत आणायला गेले तेव्हा मिसेसनी मला बाजूला घेतलं. त्यांनी काकांचा फ्लॅट पाहिलेलासुद्धा नव्हता.

"हा माझा झाला ना? म्हणजे खरंच माझा?"

"हो. विकायचा झाला तर तुमचीच सही लागेल. तुमच्याशिवाय कुणाची चालणार नाही."

त्यांनी मान हलवली. मग माझं कार्ड मागितलं आणि पर्सच्या आतल्या, चेनवाल्या कप्प्यात ठेवलं. शेठकडे माझा नंबर आहेच.

शेठनी दलालीत घासाघीस केली, दोन टक्क्यांऐवजी एकावर आले. काकांनी पूर्ण एक टक्का दिला आणि वर काकूंनी चिवड्याचा डबा. आता काकांना कर्वेनगरात लिफ्टवाला टू बीएचके घ्यायचाय, जनरेटर बॅकअप असलेला. विकल्याचा नफा दोन वर्षांत घरात गुंतवला तर कराचं बघता येईल असं त्यांच्या सीएने सांगितलंय. उद्या दोन फ्लॅट दाखवायचेत. ऑफिसातून निघताना काकांनी जिन्यापाशी थांबून विचारलं, "आता आम्ही घेणारे. या वेळी घाई किती आहे ते तिकडे सांगणार का?"

म्हटलं, "काका, या वेळी दलाली फक्त तुमच्याकडून घेते. विकणाऱ्याचा एजंट वेगळा आहे, आणि तो मला हेच विचारणार आहे."