तुम्ही विचारलंत म्हणून: वाईनमध्ये एवढं शिकण्यासारखं काय आहे?

लग्नाच्या पंगतीत, ऑफिसच्या ग्रुपवर, अगदी मावशीकडूनसुद्धा हा प्रश्न येतो, की शेवटी दारूच ना ती, मग एवढं हुंगणं, ग्लास फिरवणं, त्याचे क्लास लावणं कशाला, आणि इतकी वर्षं झाली तरी तुला कंटाळा कसा येत नाही? म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकावं.

हो, दारूच आहे. साधारण १२-१३ टक्के अल्कोहोल असतं, आणि ज्याला घ्यायची नाही त्याने खुशाल घेऊ नये, माझा कुणाला आग्रह नसतो. मी स्वतः अर्धा ग्लास तासभर पुरवते, कारण मला त्यात ओढ आहे ती वासाची, आणि तो वास कुठून आला हे शोधत जाण्याची.

मी नाशिकची, त्यामुळे द्राक्षं लहानपणापासून बघितलेली, पण ती खायची. थॉमसन, सोनाका, मोठा मणी, पातळ साल, बी नाही. वाईनचं द्राक्ष हातात घेतलं तर एकदम वेगळंच, मणी बारका, साल जाड, आत बिया, आणि चावलं की साल दाताखाली राहते. रेड वाईनचा रंग त्या सालीतून येतो, आणि जांभूळ खाल्ल्यावर जीभ कशी आवळल्यासारखी होते तो तुरटपणा साल आणि बियांमधून येतो. एवढं कळलं तरी पुढचा घोट वेगळा लागतो, खरंच.

आणि मग बाग. युरोपात वेल थंडीत झोपतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला द्राक्ष तोडतात. आपल्याकडे वेल झोपतच नाही, म्हणून वर्षातून दोनदा छाटणी, एप्रिलच्या आसपास खरड छाटणी, आणि पाऊस सरता सरता ऑक्टोबर छाटणी, म्हणजे घड पावसात सापडून डावणी-भुरी या बुरशीच्या रोगांच्या तावडीत जाऊ नयेत आणि कोरड्या हवेत, थंड रात्रींमध्ये पिकावेत. तोडणी साधारण जानेवारी ते मार्च. आता ऑक्टोबरात पाऊस लांबला, किंवा ऐन तोडणीच्या तोंडावर अवकाळी आला, गारपीट झाली, की त्या वर्षीची वाईन बदलणारच. बाटलीवर तोडणीचं वर्ष छापलेलं असतं ना, ते मी सगळ्यात आधी बघते, कारण त्या वर्षी आमच्याकडे हवा कशी होती हे मला आठवत असतं. कंटाळा कसा येईल, दर वर्षी गोष्टच नवीन असते.

वासाचं एक उदाहरण सांगते. सोव्हिन्यों ब्लां, म्हणजे त्याच नावाच्या द्राक्षाची पांढरी वाईन, ग्लासात ओतली, गार असतानाच नाक घातलं, की बऱ्याचदा कापलेल्या ढोबळी मिरचीचा वास येतो. मला आधी वाटायचं लोक कविता करतात. पण नाही, पायराझिन नावाची जी द्रव्यं ढोबळी मिरचीत असतात त्यातलंच एक या द्राक्षातही असतं, आणि द्राक्ष जसजसं पिकतं, घडावर ऊन पडतं, तसतसं ते कमी होत जातं. म्हणजे ग्लासातला हिरवा वास तुम्हाला सांगतो की द्राक्ष किती पिकू दिलं होतं! हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी भाजी चिरताना मिरची हुंगत बसायचे.

शिराझ या रेड वाईनमधली मिरी तर त्याहून भारी. काळ्या मिरीला जो वास येतो तो रोटंडोन नावाच्या द्रव्याचा, आणि तेच काही शिराझमध्ये असतं, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये मांडलं. त्यांच्या चाचणीत साधारण पाचातल्या एकाला तो वास येतच नव्हता, चाचणीतलं सगळ्यात जास्त प्रमाण दिलं तरी. म्हणजे एकाच टेबलावर एक जण म्हणतो मिरी आहे, दुसरा म्हणतो कुठाय, आणि दोघंही खरं बोलत असतात. म्हणून कुणी "मला काहीच येत नाही बाई वास" म्हटलं की मी वाद घालत नाही, दुसरी वाईन देते.

बरं, मला लोक फ्रान्समधल्या बोर्दोचा एक प्रयोगही ऐकवतात. २००१ मध्ये प्रसिद्ध झाला होता, पांढऱ्या वाईनला लाल रंग घालून वाईन शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना दिली आणि त्यांनी तिचं वर्णन रेड वाईनच्या शब्दांत केलं. "बघ, सगळं थोतांड." मला त्यातून उलटंच कळतं. आपलं नाक डोळ्यांच्या मागे मागे जातं, शिकलेल्या माणसाचंसुद्धा, म्हणून तर सराव हवा, म्हणून तर बाटली झाकून चाखतात. मला हा भाग फार आवडतो, कारण किंमत, लेबल, रंग बाजूला ठेवून फक्त नाकावर विश्वास ठेवायची सवय लागते, आणि ती मग चहात, आमटीत, आंब्याच्या पेटीतसुद्धा कामाला येते.

महाग वाईन लागते हा समज मात्र सोडून द्या. फ्रान्सपर्यंत जायची गरज नाही, गंगापूर धरणाच्या बाजूला, दिंडोरीकडे, इगतपुरीच्या अलीकडे-पलीकडे टेस्टिंग रूम आहेत, तिथे थोडी थोडी ओतून देतात, आणि थुंकायला भांडं मागितलं तर कुणी वाईट मानत नाही, व्यावसायिक चाखणारे तेच करतात. अकलूजकडे तर सांजोवेझे लावलंय, इटलीत टस्कनीचं द्राक्ष, सोलापूर जिल्ह्यात!

घरी सुरुवात करायची तर एक सोव्हिन्यों ब्लां आणि एक शेनिन ब्लां आणा, दोन्ही पांढऱ्याच, दोन ग्लास शेजारी शेजारी ठेवा. एकटी वाईन काही सांगत नाही, शेजारी दुसरी असली की फरक लगेच नाकात शिरतो. फ्रिजमधून काढल्या काढल्या हुंगा, मग पंधरा-वीस मिनिटांनी परत, गारवा उतरला की वास मोकळे होतात. रेड असेल तर उलट, आपल्याकडच्या उन्हाळ्यात तीस-बत्तीस डिग्रीवर पिऊ नका, नुसतं अल्कोहोल नाकात जातं, अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. आणि बाटली संपवायलाच हवी असं काही नाही, झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवली तर दोन-तीन दिवस चांगली राहते, दुसऱ्या दिवशी परत चाखून बघा काय बदललंय ते.