तुम्ही विचारलंत म्हणून: माळवा संपतो कुठे?

पुण्या-नाशिकचे पाहुणे महेश्वरला निघाले की हा प्रश्न येतोच: मध्य प्रदेशातलं माळव्याचं पठार कुठे संपलं, खालचा नर्मदाकाठचा निमाड कुठे लागला? इंदूरकरांचंही त्यावर एकमत नाही.

बहुतेकजण महू-मंडलेश्वर रस्त्यावरच्या जाम दरवाजाकडे बोट दाखवतात. अहिल्याबाईंच्या काळातलं बांधकाम, ऐन कड्यावर, खाली निमाड पसरलेला. इंदूर साधारण 550 मीटर उंचीवर, महेश्वर दीडशेच्या आसपास. म्हणजे सगळी उतरंड या विंध्याच्या घाटांतच. फोटोला झकास. हद्द म्हणून मात्र कच्ची.

भूगोलवाले म्हणतात, पाणी बघा. यमुनेकडे गेलं तर माळवा, नर्मदेकडे गेलं तर निमाड. महूजवळच्या जानापाव डोंगरावर हे जमतं, चंबळ तिथून उत्तरेला निघते. तिथल्याच पातालपाणी धबधब्यापाशी घोळ होतो. तो धबधबा चोरल नदीचा आणि चोरल मिळते नर्मदेला. पण धबधब्याच्या वरची जमीन काळी, सपाट, गहू-सोयाबीनची. तिथल्या शेतकऱ्याला निमाडी म्हणून बघा!

जिल्ह्याच्या नकाशावर तर जाऊच नका. एकाच धार जिल्ह्यात बदनावर माळव्यात आणि मनावर, कुक्षी निमाडात. इंदूर संभागात (म्हणजे महसुली विभागात) खरगोन, बडवानी, खंडवा, बऱ्हाणपूर असा सगळा निमाडच भरलाय.

बोली त्यातल्या त्यात भरवशाची. ‘मखऽ’ (मला) आणि ‘छे’ (आहे) कानावर पडू लागलं की निमाड. मात्र दुकानदाराला विचारू नका, पाहुणा दिसला की तो हिंदीत शिरतो. बाजाराच्या दिवशी भाजीवाल्या आजीबाईंजवळ थोडं थांबा. तिथेही वाद आहेच: भारतातल्या भाषांची पाहणी करणाऱ्या ग्रिअर्सनने निमाडीला माळवीचंच एक रूप ठरवलं, आणि निमाडी माणसाला ते आजही झोंबतं. जनगणनेने दोघींनाही हिंदीखाली घालून विषय मिटवला.

जेवणावरून ओळखायचं तर बाफले (उकडून भाजलेले कणकेचे गोळे) सोडून द्या, ते आता हायवेच्या प्रत्येक ढाब्यावर मिळतात. घरात ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी रोजची असेल तर निमाड. खानदेशातल्या माणसाला तिथे परकं वाटत नाही. गणगौर हा गौरीचा सण दोन्हीकडे आहे, पण चैत्रात जवारे (गव्हाचे अंकुर) पेरून रणुबाई-धणियरची गाणी नऊ दिवस चालतात ती निमाडात.

या भांडणात मधला घाटच विसरला जातो. उतारावरची कितीतरी गावं भिल्ल-भिलालांची. त्यांची बोली माळवीही नाही, निमाडीही नाही. होळीआधीचा भगोरिया हाट त्यांचा, तो आपल्या रेषा बघून भरत नाही. म्हणून माझं उत्तर असं: हद्द ही रेघ नाही, घाटाएवढा रुंद पट्टा आहे, आणि त्यावर पहिला हक्क तिथे राहणाऱ्यांचा.

पुढचा प्रश्न मांडूचा असतो. राजधानी माळव्याच्या सुलतानांची, तेव्हा मांडू माळव्यात. रूपमती मंडपातून खाली दिसतो तो निमाड. आजूबाजूचे पाडे भिल्लांचे.