‘कॅमेरा कोणता आहे?’ : आमची वाटचाल

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका बोळात २००९ साली कॉम्प्युटर दुरुस्तीसाठी दहा बाय बाराचा गाळा भाड्याने घेतला, तेव्हा आमच्याकडे एक सोल्डरिंग गन, एक मल्टिमीटर, दोन जुने मॉनिटर आणि पतसंस्थेचं कर्ज एवढंच होतं. कामं म्हणजे फॉरमॅट मारणे, प्रिंटरचं कार्ट्रिज भरणे, सायबर कॅफेचे कॉम्प्युटर दुरुस्त करणे. महिन्याला दोन-तीन नवीन मशीन जोडायची ऑर्डर आली की आनंद व्हायचा. ऑर्डर आली की रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस पकडायची, सकाळी दादरला उतरून लोकलने ग्रँट रोड गाठायचं, दिवसभर लॅमिंग्टन रोडवर, मुंबईतल्या कॉम्प्युटरच्या बाजारात, दुकानं पालथी घालायची आणि परतीच्या रात्री मदरबोर्डचा खोका मांडीवर घेऊन बसायचं. सामानाच्या रॅकवर तो ठेवायला कधी धीर झाला नाही.

तेव्हा निवडायला फारसं काही नव्हतं. टॅलीच्या हिशेबासाठी ड्युअल कोअर प्रोसेसर, जरा पैसे असतील तर कोअर टू ड्युओ, दोन जीबी रॅम आणि एक हार्ड डिस्क. भाव विचारला की तोंडपाठ सांगायचो. २०११च्या ऑक्टोबरात थायलंडला पूर आला, तिथले हार्ड डिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले आणि इथे डिस्कचे भाव दुपटीच्या वर गेले. एका क्लासला सहा मशीनचं कोटेशन आम्ही आदल्याच आठवड्यात दिलं होतं. शब्द दिला होता म्हणून त्याच भावात मशीन दिली. दिवाळीला घरात नवीन काही आलं नाही, पण त्या क्लासच्या सरांनी पुढे आमच्याकडे किती माणसं पाठवली याची मोजदाद नाही. कोटेशनवर ‘हा भाव सात दिवसांपुरता’ ही ओळ मात्र तेव्हापासून माझी पत्नी न चुकता टाकते. हिशेब सगळा तिच्याकडे आहे. २०१७ला जीएसटी आल्यावर मी गोंधळलो, ती नाही.

आमचं खरं वळण लग्नाच्या व्हिडिओमुळे आलं. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी, गडहिंग्लज या पट्ट्यात लग्नाचं शूटिंग आणि मिक्सिंग, म्हणजे एडिटिंग, करणारी बरीच मंडळी आहेत. आधी कॅसेट, मग एचडी, मग फोर-के असं त्यांचं काम बदलत गेलं आणि प्रत्येक बदलाला त्यांची जुनी मशीन धापा टाकायला लागली. एकाचं काम सुरळीत झालं की तो दुसऱ्याला पाठवायचा. २०१६-१७पर्यंत आमची निम्मी कमाई मिक्सिंगच्या मशीनवर होती.

आणि त्याच कामात माझ्याकडून २०२२ साली एक मोठी चूक झाली. गडहिंग्लजचे एक फोटोग्राफर आले. साधा, कष्टाळू माणूस, सीझनला पंचवीस-तीस लग्नं करणारा. बजेट आखीव होतं. मी त्यांना इंटेलचा आय५-१२४००एफ हा प्रोसेसर बसवून दिला. या ‘एफ’ला स्वतःचं ग्राफिक्स, म्हणजे पडद्यावर चित्र दाखवणारा भाग, नसतं, म्हणून तो दोनेक हजारांनी स्वस्त पडतो. वाचलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घातले, आरटीएक्स ३०६०, बारा जीबीचं. मला वाटलं, याहून चांगला हिशेब होणार नाही. महिन्याभरात फोन आला, ‘दादा, मशीन लई अडकाय लागलंय. तीन सेकंद चालतंय आन् थांबतंय.’

मी विंडोज नव्याने टाकलं, ड्रायव्हर बदलले, रॅम तपासली. तीन रात्री त्यात गेल्या. चौथ्या दिवशी विचारलं, ‘फुटेज कुठल्या कॅमेऱ्याचं आहे?’ तर त्यांनी मशीन घेतल्यावर कॅमेराही नवा घेतला होता. तो एच.२६५मध्ये, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करायच्या एका पद्धतीत, दहा बिट (रंगछटा जास्त बारीक), ४:२:२ रंगात रेकॉर्ड करायचा.

हे जरा सविस्तर सांगतो, कारण आजही महाग मशीन घेऊन लोक याच जागी अडकतात. एच.२६५मध्ये प्रत्येक चित्र पूर्ण साठवलेलं नसतं. एक पूर्ण चित्र असतं आणि पुढची बरीचशी ‘आधीच्यापेक्षा काय बदललं’ एवढ्याच नोंदींवर उभी असतात. फाइल छोटी होते, पण ती उलगडताना प्रोसेसरला दम लागतो. म्हणून हे उलगडायचं काम करणारा एक वेगळा भाग चिपमध्येच दिलेला असतो. आता ४:२:२ म्हणजे रंगाची माहिती नेहमीच्या ४:२:०पेक्षा दुप्पट. शालूचा रंग, हळदीचा रंग नंतर सुधारायचा तर त्याचा खूप उपयोग होतो. पण त्या काळातल्या एनव्हिडियाच्या कार्डातला तो भाग एच.२६५चं ४:२:२ उलगडू शकत नव्हता. इंटेलच्या बाराव्या पिढीच्या अंगभूत ग्राफिक्समध्ये क्विक सिंक नावाचा जो भाग आहे, तो हे काम सहज करतो. आणि नेमकं तेच अंगभूत ग्राफिक्स मी दोन हजार वाचवायला काढून टाकलं होतं.

प्रॉक्सी बनवून काम करता येतं, म्हणजे हलक्या नकला करून एडिटिंग आणि शेवटी मूळ फाइलवर एक्सपोर्ट. पण दोन कॅमेऱ्यांचं सहा-सहा तासांचं फुटेज असलेल्या माणसाला नकला बनवण्यातच रात्र जाते. सीझनमध्ये त्याच्याकडे ती रात्र नसते.

आम्ही आमच्या खर्चाने तो प्रोसेसर बदलला. साधा आय५-१२४०० बसवला. बोर्ड तोच, रॅम तीच. ग्राफिक्स कार्ड लावलं की बरेच बोर्ड अंगभूत ग्राफिक्स आपोआप बंद करतात, ते बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन चालू केलं. एडिटिंगची टाइमलाइन पाण्यासारखी वाहायला लागली. काढलेला ‘एफ’ आम्ही एका गेमिंगच्या मशीनला लावला. तिथे तो अगदी योग्य होता.

त्या दिवशी मी पत्नीला म्हटलं, आजपासून कोटेशनच्या आधी वही. ती वही अजून काउंटरवर आहे. पहिला प्रश्न, कॅमेरा कोणता आहे? दुसरा, सॉफ्टवेअर कोणतं? एडियस आणि प्रीमियरवाल्याला क्विक सिंकचा मोठा आधार असतो. दाविंची रिझॉल्व्हवाल्याचा भार ग्राफिक्स कार्डावर जास्त पडतो, त्यातही चित्रातले दाणे घालवणारं नॉइज रिडक्शन लावलं की कार्डाची मेमरी झपाट्याने भरते. म्हणून आरटीएक्स ४०६० बाजारात आलं तेव्हा ते नवं आणि गेममध्ये जास्त वेगवान असूनही, फोर-केवर रिझॉल्व्ह चालवणाऱ्यांना मी बरेच दिवस ३०६०च सुचवत राहिलो. नव्यात आठ जीबी होती, जुन्यात बारा.

मग डिस्क. याबद्दल कुणी विचारत नाही आणि सगळ्यात जास्त त्रास इथेच होतो. एसएसडी म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क. स्वस्त एसएसडीवर खोक्यावरचा वेग पहिल्या काही जीबीपुरता असतो. आतला वेगवान कप्पा भरला की तीच डिस्क कधीकधी साध्या हार्ड डिस्कपेक्षाही हळू लिहिते. लग्नाची चार-पाचशे जीबीची मेमरी कार्डं ओतणाऱ्याला हे लगेच जाणवतं. आम्ही विंडोजला एक एसएसडी, चालू कामाला दुसरी चांगल्या प्रतीची, आणि संपलेल्या कामांना हार्ड डिस्क अशी मांडणी करतो. शिवाय एक हार्ड डिस्क मशीनच्या बाहेर.

ती बाहेरची डिस्क २०१९च्या महापुराने शिकवली. ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत, नागाळा पार्कात शिरलं. आमचा गाळा उंचावर, तो वाचला. पाणी ओसरल्यावर लोक चिखलाने भरलेले कॅबिनेट रिक्षातून आणत होते. आम्ही एकच निरोप सगळीकडे पाठवला होता, काहीही झालं तरी वीज जोडून बघू नका. बोर्ड स्वच्छ पाण्याने धुतले, आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसले, आठवडाभर पंख्याखाली सुकवले. काही उठले. एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारे डबे, सगळे फेकले, त्यात धोका पत्करायचा नसतो. हार्ड डिस्कमधला डेटा बऱ्याच जणांचा गेला. एका स्टुडिओवाल्या काकांची मागच्या दोन सीझनची लग्नं त्यात होती. ते काउंटरवर काही न बोलता उभे राहिले होते. तेव्हापासून बॅकअपची डिस्क कोटेशनमध्ये असतेच, गिऱ्हाइकाने काढ म्हटलं तर मी दोनदा विचारतो. २०२१च्या जुलैत पुन्हा पाणी आलं, तेव्हा त्यातल्या काहींनी फोन करून सांगितलं, दादा, डिस्क वरच्या मजल्यावर आहे.

गेमिंगची मंडळी आमच्याकडे लॉकडाउनमध्ये आली. व्हॅलरंट हा गेम २०२०च्या जूनमध्ये आला आणि मुलांचे फोन सुरू झाले. बहुतेक वेळा मुलगा आणि वडील बरोबर येतात. मुलगा कार्डाची नावं घडाघडा सांगतो, वडील गप्प असतात आणि जाताना हळूच विचारतात, ‘एवढं लागतंय का हो खरंच?’ त्या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचं हे आम्ही ठरवलं आहे. म्हणून वहीत गेमिंगचं वेगळं पान आहे. कोणते गेम? मॉनिटर किती हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दाखवणारा? एक मुलगा साठ हर्ट्झच्या जुन्या मॉनिटरवर खेळायला मोठं कार्ड मागत होता. कार्डाने सेकंदाला दोनशे चित्रं बनवली तरी तो मॉनिटर साठच दाखवणार. आम्ही कार्ड एक पायरी खाली आणलं आणि त्या पैशात एकशे पासष्ट हर्ट्झचा मॉनिटर दिला. व्हॅलरंटसारख्या खेळात कार्डापेक्षा प्रोसेसरचा वेग आणि त्याच्या आतली झटपट मेमरी, म्हणजे कॅश, महत्त्वाची. गोष्टीवाले मोठे गेम वरच्या रेझोल्यूशनवर खेळायचे तर उलट, पैसे कार्डात.

दिवसा एडिटिंग आणि रात्री गेम, असं दोन्ही करणाऱ्यांचं मशीन जोडायला मला सगळ्यात जास्त आवडतं, कारण तिथे खरी ओढाताण असते. एएमडी कंपनीच्या रायझन एक्सथ्रीडी प्रोसेसरमध्ये मोठी कॅश आहे, गेमला ते सोनं. पण तेच पैसे जास्त कोअरमध्ये घातले तर एक्सपोर्ट लवकर होतो. मी विचारतो, पोट कशावर आहे? पोट एडिटिंगवर असेल तर आधी ते, बत्तीस जीबी रॅम, आणि गेमसाठी थोडी तडजोड. आजवर या उत्तरावर कुणी नाराज होऊन गेलं नाही.

२०२१ला ग्राफिक्स कार्डं दुप्पट भावानेही मिळत नव्हती. आम्ही पुष्कळांना सांगितलं, थांबा, जुनं कार्ड चालवा. धंदा बुडाला, खोटं कशाला बोलू. २०२२च्या सप्टेंबरात इथेरियम या आभासी चलनाचं, ग्राफिक्स कार्डांवर चालणारं मायनिंग बंद झालं आणि वापरलेल्या कार्डांचा बाजारात पूर आला. ती आम्ही विकली नाहीत. कोणतं कार्ड किती दिवस तापलंय हे बघून कळत नाही, आणि ज्याची खात्री मला नाही त्याची मी दुसऱ्याला कशी देऊ?

एसएमपीएसबद्दल मात्र मी हट्टी आहे. आय५-१२४०० जोरात चालला तर ११७ वॅट, ३०६० म्हणजे १७० वॅट. चांगल्या कंपनीचा साडेपाचशे वॅटचा एसएमपीएस भरपूर झाला. कॅबिनेटबरोबर फुकट येणाऱ्यावर कितीही मोठा आकडा छापलेला असो, तो मी लावत नाही. आणि मशीन पोचवायला गेलो की आधी घरातल्या विजेच्या बोर्डावर मल्टिमीटर लावतो. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर मशीन गाडीतच ठेवतो आणि वायरमनला बोलवा म्हणतो. खेड्यात कितीतरी घरांत तिसऱ्या पिनच्या भोकाला वायरच नसते. कॅबिनेटला हात लावला की चावतंय, असं लोक म्हणतात आणि त्याची सवय करून घेतात. ती सवय मला मान्य नाही. त्यातून कार्डं जातात, आणि माणसाच्या जिवालाही धोका असतो.

२०२५च्या शेवटी रॅमचे भाव भडकले. एआयच्या सर्व्हरना मेमरी जायला लागली आणि इथे आमच्या कोटेशनवरची ‘सात दिवस’ ही ओळ ‘दोन दिवस’ झाली. या दिवसांत आम्ही नवीन मशीन विकण्यापेक्षा जुनी टिकवण्यावर भर देतोय. एएमडीच्या एएम४ प्रकारचे बरेचसे जुने बोर्ड बायोस अपडेट केल्यावर पाच हजार मालिकेतला रायझन घेतात, मग तीच डीडीआर४ रॅम वापरून आणखी दोन-तीन वर्षं निघतात. माझा भाचा हे काम माझ्यापेक्षा सफाईने करतो. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की काही गावांत धुराड्यांची काळी राख पंख्यांवर बसते, त्या सगळ्या गिऱ्हाइकांना सफाईसाठी फोन करायचं कामही त्यानेच अंगावर घेतलंय.

मागच्या महिन्यात गडहिंग्लजचे ते फोटोग्राफर पुन्हा आले. आता त्यांच्याकडे तीन कॅमेरे आणि दोन पोरं कामाला आहेत. या वेळी आरटीएक्स ५० मालिकेतलं कार्ड घेतलं, यात ४:२:२ उलगडायची सोय कार्डातच आहे. आमचा आता नियम आहे, मशीन चोवीस तास चालवून बघायचं आणि पैसे घेण्याआधी गिऱ्हाइकाचंच फुटेज त्यावर चालवायचं. त्यांनी खिशातून मेमरी कार्ड काढलं. भाच्याने तिन्ही कॅमेऱ्यांचे ट्रॅक एकावर एक टाकले आणि स्पेसबार दाबला. कुणाच्या तरी लग्नातल्या मंगलाष्टका सुरू झाल्या, अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या. एकदाही अडकलं नाही. फोटोग्राफर शेवटपर्यंत बघत बसले, मग म्हणाले, ‘दादा, चहा सांगा. पोरांना पण दाखवतो, थांबा, गाडीत हायत.’