आमची वाटचाल : माल आमचा, नावही आमचे

सोलापूरच्या पूर्व भागात आमचा यंत्रमागाचा छोटा कारखाना असून त्यात टेरी म्हणजे फासेदार टॉवेल आणि जेकार्ड म्हणजे विणतानाच नक्षी उमटवलेल्या चादरी विणल्या जातात. आजोबा तेलंगणातून हातमागाच्या कामासाठी येथे आले, वडिलांनी यंत्रमाग बसवले, पण या दोन्ही पिढ्यांत विक्रीची रीत एकच राहिली : गाठी बांधायच्या, व्यापाऱ्याच्या पेढीवर पोचवायच्या आणि पैशांची वाट पाहायची. आपण विणलेली चादर कोणत्या गावात, कोणाच्या घरात गेली हे कारखान्यात कधीच कळत नसे. समाजमाध्यमांकडे आम्ही वळलो ते याच कारणाने, आणि आज आमच्यासारखे जे कारखानदार अजून कचरत आहेत त्यांच्यासाठी हा अनुभव लिहीत आहे.

सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्हींना 2005-06 या वर्षात भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावण्याचा हक्क, मिळाले. कायद्याने हे नाव आपले झाले. तरीही बाहेरगावी विणलेला, कित्येकदा नुसता छापलेला माल ‘सोलापुरी’ अशी चिठ्ठी लावून बाजारात सर्रास विकला जातो, कारण मानांकनाचा कागद गिऱ्हाइकाच्या नजरेस कधी पडतच नाही. आमच्या पेजवर टाकलेला पहिला व्हिडिओ याच विषयावर होता. खऱ्या चादरीत नक्षी विणलेली असते, म्हणून चादर उलटली की तोच मोर रंगांची अदलाबदल होऊन दुसऱ्या बाजूलाही तितकाच ठळक दिसतो. छापील चादरीची मागची बाजू फिकट पडते. एवढे दाखवायला एक चादर, एक खिडकी आणि एक मोबाईल पुरेसा झाला. जे पटवून द्यायला दुकानदाराला सवड नसते आणि बहुधा गरजही वाटत नाही, ते विणणाऱ्याने स्वतः दाखवले तर लोक मन लावून पाहतात, हे आम्हाला तेव्हा कळले.

सर्वांत गंभीर आक्षेप घरातूनच आला, आणि तो वडिलांचा होता : “थेट गिऱ्हाइकाला विकायला लागलो तर व्यापारी माल घेणे बंद करतील.” ही भीती निराधार नव्हती. एका पेढीने खरोखरच आमचा माल घेणे थांबवले आणि ती पेढी परत आली नाही. म्हणून आम्ही नियम ठरवून घेतले. पेजवर दिसणारा दर हा दुकानातील किरकोळ दराइतकाच राहील, गाठीचा म्हणजे घाऊक दर तेथे कधीही येणार नाही, आणि ज्या शहरात आमचा व्यापारी आहे तेथून मोठी मागणी आली तर ती त्याच्याकडेच वळवली जाईल. असे केल्यावर बाकीच्या व्यापाऱ्यांची नाराजी ओसरली. आता त्यांच्यापैकी काही जण आमचेच व्हिडिओ आपल्या गिऱ्हाइकांना पाठवतात. शिवाय उधारीचा हिशेबही पाहावा. सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावेत असे 2006 चा कायदा सांगतो, प्रत्यक्षात मात्र थकबाकी महिनोन्‌महिने रेंगाळते आणि सुताचे पैसे तर आपल्याला लगेच चुकते करावे लागतात. किरकोळ गिऱ्हाईक यूपीआयने पैसे आधी देते आणि मगच पार्सल निघते. थेट विक्री आमच्या एकूण धंद्यात आजही लहानच आहे, पण त्या खेळत्या पैशाने सूतखरेदीची ओढाताण कमी केली.

दुसरा आक्षेप नक्षीच्या चोरीचा. नवी नक्षी दाखवली की महिन्याभरात तिची नक्कल निघते, असे सगळेच सांगतात आणि ते खरेही आहे; मात्र नक्कल करणारा आजवर बाजारातून एक चादर विकत आणूनच ती करत आला आहे, त्याला त्यासाठी इंटरनेट लागले नाही. उपाय कायद्यात आहे. डिझाईन कायदा 2000 नुसार नव्या नक्षीची नोंदणी करता येते, ती 10 वर्षे टिकते आणि पुढे 5 वर्षे वाढवता येते. येथे एक बाब फार महत्त्वाची आहे : अर्ज करण्यापूर्वीच नक्षी लोकांपुढे आली तर ती ‘नवी’ राहत नाही आणि नोंदणीचा हक्क जातो. म्हणून आधी अर्ज, मग फोटो, हा क्रम आम्ही कधीही मोडत नाही.

लोक जाहीरपणे तक्रार करतील ही धास्ती मलाही होती. आमच्याकडे सर्वाधिक तक्रार आली ती ‘नवा टॉवेल पाणीच टिपत नाही’ अशी. टेरीच्या फासांवर मऊपणासाठी केलेली प्रक्रिया एक-दोन धुण्यांत निघून जाते आणि मगच सूत पाणी नीट शोषते. घरी कपडे मऊ करणारे द्रव्य वापरले तर तो थर पुन्हा चढतो. हे उत्तर आम्ही तक्रारीखालीच, सर्वांना दिसेल असे, शांतपणे लिहिले. पूर्वी हीच तक्रार दुकानात व्हायची, दुकानदार टॉवेल बदलून द्यायचा आणि आमच्यापर्यंत ती पोचायचीही नाही. आता धुण्याच्या सूचना आम्ही प्रत्येक टॉवेलबरोबर छापून देतो. ज्या तक्रारीत चूक आमची असते, उदाहरणार्थ शिवण उसवलेली असते, तेथे माल बदलून देतो आणि तसे तेथेच लिहितो.

कापड हातात घेतल्याशिवाय कोण विकत घेणार, असेही विचारले जाते. त्यावर जीएसएम म्हणजे दर चौरस मीटरचे वजन, लांबी-रुंदी आणि धुतल्यानंतरचा फोटो एवढे दिले की बहुतेकांचे समाधान होते. रंगासाठी मात्र दिवसाउजेडीच फोटो काढावा, कारण ट्यूबलाईटखाली लाल रंग हमखास फसवतो. वेळ आणि खर्च यांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. व्हॉट्सअॅप बिझनेस मोफत आहे, त्यातच मालाची यादी लावता येते, आणि दुपारी कांड्या भरून झाल्यावर माझी पुतणी सगळ्या चौकशांना उत्तरे देते. कामगारांना विचारल्याशिवाय त्यांचा चेहरा कधी दाखवत नाही. ज्यांनी होकार दिला, त्यांची नावे आम्ही चादरीसोबत लिहितो, आणि गिऱ्हाईक फोनवर त्यांची चौकशी करते तेव्हा कारखान्यात सर्वांनाच त्याचे अप्रूप वाटते.

सध्या भौगोलिक मानांकनाचा ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नोंदणी करण्यासाठी आम्ही कागदपत्रे जमवत आहोत. नोंदणी झाली की तिचा क्रमांक प्रत्येक चादरीच्या चिठ्ठीवर छापला जाईल, आणि तो कसा पडताळून पाहायचा हे सांगणारा व्हिडिओ त्याच दिवशी पेजवर येईल.