आंदणात दिलेला सोलापूरचा किल्ला

सिद्धेश्वर तलावाकाठच्या आपल्या भुईकोट किल्ल्याविषयी बोलताना आपण तट, बुरूज आणि बहमनी काळ एवढ्यावर थांबतो. अहमदनगरच्या हुसेन निजामशहाने १५६४ साली तो लेकीच्या लग्नात आंदण म्हणून दिला होता, हे क्वचितच सांगितले जाते.

या किल्ल्यावरून सोयऱ्यांत बिनसण्याची परंपरा त्या घराण्यात जुनीच होती. हुसेनचे वडील बुऱ्हाण निजामशहा यांचा विवाह १५२४च्या सुमारास विजापूरच्या इस्माईल आदिलशहाची बहीण मरियम हिच्याशी झाला, तोही सोलापुरातच. किल्ला आंदणात मिळणार अशी बुऱ्हाणची खात्री होती, तर तसे वचन आपण दिलेच नव्हते असे इस्माईलचे म्हणणे पडले, आणि लग्नाची हळद पुरती उतरण्याआधीच मेहुणे-मेहुणे रणांगणात समोरासमोर आले.

हुसेन मात्र मरियमचा मुलगा नव्हे. त्याची आई आमिना. १५५३ साली बुऱ्हाण वारल्यावर तो गादीवर बसला आणि भाऊबंदकी उफाळली. मरियमचा मुलगा शाह अली आजोळी, विजापूरला गेला आणि हैदर नावाच्या भावाने सासरा ज्याचा किल्लेदार होता त्या परांड्याचा आसरा घेतला. हुसेन या सगळ्यांना पुरून उरला.

पुढे विजयनगरच्या रामरायाविरुद्ध एकत्र यायचे ठरले, तेव्हा दोन्ही घराण्यांनी चक्क साटेलोटे केले. हुसेनची मुलगी चांदबीबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली, सोबत एव्हाना निजामशाहीकडे आलेले सोलापूर दिले, आणि अलीची बहीण हुसेनचा मुलगा मुर्तजा याच्यासाठी आणली. जानेवारी १५६५मध्ये तालिकोटची लढाई झाली, रामरायाचा शिरच्छेद झाला आणि त्याच वर्षी हुसेनही मरण पावला.

माझ्या मते या कुटुंबातली सर्वांत उपेक्षित व्यक्ती म्हणजे हुसेनची बेगम खुंजा हुमायून. मुर्तजाच्या नावाने पुढची काही वर्षे तिनेच राज्य चालवले, आणि १५६९च्या सुमारास त्याच मुलाने तिला कैदेत टाकले. हुसेनच्या स्तुतीपर काव्याची सचित्र पोथी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. तिच्यातल्या राणीच्या आकृतींवर नंतर कोणीतरी रंग फासला आहे. पुढे मुर्तजालाही १५८८ साली त्याच्याच मुलाने ठार मारले.

चांदबीबीची कथा सर्वांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १५८० साली अलीचा खून झाल्यावर तिने त्याचा अल्पवयीन पुतण्या इब्राहिम याला सांभाळले, मध्यंतरी साताऱ्याच्या किल्ल्यात कैदही भोगली, माहेरी परतून मोगलांविरुद्ध अहमदनगर लढवले आणि १६०० साली ती स्वकीयांच्याच हातून मारली गेली.

सोलापूर या काळात विजापूरकडेच राहिले. १६२४च्या भातवडीच्या लढाईनंतर निजामशाहीच्या मलिक अंबरने ते हल्ला करून परत घेतले. आंदण माहेरी आले, पण तेव्हा ज्या लेकीसाठी ते दिले होते तिला जाऊन दोन तपे उलटली होती.